मदत घेणारा साधे आभारही मानत नसेल, तर ख्रिस्ती माणसाने वाईट वाटून घ्यावे का?

आपला प्रश्न असा की, शेजारच्या कुटुंबाला अडीअडचणीत मदत केली तरी त्यांनी आभार मानले नाहीत, उलट ते आता आपल्याला टाळतात. आणि अपेक्षा ठेवू नये ही ख्रिस्ताची शिकवण माहीत असूनही मन खट्टू होते, त्याचे काय करावे. मी अचलपूर तालुक्यातील निवृत्त शिक्षक आहे, धर्मशास्त्राचा पंडित नव्हे. पण या दुखण्यातून मीही गेलो आहे.

काही वर्षांपूर्वी मृगाच्या पावसावर गावात पेरण्या झाल्या आणि पुढे पंधरा दिवस आभाळाने तोंड फिरवले. दुबार पेरणीची पाळी आली तेव्हा मी शेजाऱ्याला सोयाबीनच्या बियाण्याची ३० किलोची पिशवी, म्हणजे एका एकराचे बी, नेऊन दिली. ती भर दिवसा, पारावर माणसे बसलेली असताना, मोटरसायकलवर आडवी टाकून नेली, यात मला तेव्हा काहीच वावगे वाटले नाही. सोयाबीन निघाले, विकलेही गेले; पण मी समोरून येताना दिसलो की तो पांदणीकडे वळू लागला. पैशाचे मला दुःख नव्हते. माझी दखल घेतली गेली नाही, हे सलत होते.

उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, असे येशू बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सांगतो, आणि त्याच्या आदल्याच वचनात, कर्णा वाजवून देणाऱ्यांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले आहे, असे म्हणतो. माझे प्रतिफळ मला पारावरच मिळून चुकले होते. आमची आई दिवेलागणीनंतर परसदारी पायलीभर ज्वारी द्यायची आणि घेणारीकडून विरजण किंवा मूठभर अंबाडीची भाजी आठवणीने मागून घ्यायची, म्हणजे त्या बाईला मान खाली घालून जावे लागत नसे. (आभार हा शब्द आमच्याकडे तसाही सभेच्या शेवटी लागतो, दारात नव्हे.)

आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचा प्रसंग मात्र लूकच्या सतराव्या अध्यायात आहे. दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच, तोही परका शोमरोनी, आभार मानायला परत येतो. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे येशू विचारतो. म्हणजे त्यांचे न येणे त्याच्याही लक्षात आले होते. तेव्हा वाईट वाटण्यात पाप आहे, असे मला वाटत नाही. पण त्या नवांचे बरेपण त्याने काढून घेतल्याचा उल्लेख शास्त्रात कोठेही नाही. शिवाय, जाऊन स्वतःला याजकांना, म्हणजे पुरोहितांना, दाखवा, हे त्यानेच त्यांना सांगितले होते; ते नऊ जण त्याच्याच सांगण्यावरून गेले होते. परतवाड्याजवळ कोठारा येथे मिशनचे कुष्ठरोग रुग्णालय आहे. तेथून बरी होऊन निघालेली माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. ती एसटीत बसली की खिडकीतून फाटकाकडे पाहत नसत. तेव्हा मला तो कृतघ्नपणा वाटे. आता वाटते की, गावात पुन्हा चारचौघांसारखे वावरायचे असेल, तर त्या फाटकाची आठवण पुसणे त्यांना भागच होते. माझा शेजारी मला टाळत होता तोही याचसाठी: मी दिसलो की त्याला त्याचे बुडालेले बी दिसत असे.

व्यवहाराचे एवढेच सांगतो की, देताना उसने की कायमचे, हे मनाशी आधी पक्के करावे. उसने असेल तर स्पष्ट बोलावे आणि वेळेवर मागावे, त्यात अख्रिस्ती काही नाही. कायमचे दिले असेल, तर पुन्हा त्याचा विषय काढू नये, घरातल्या माणसांजवळसुद्धा.

पुढच्या पोळ्याला तो शेजारी बैलजोडी घेऊन आमच्या दारी आला. आमचे घर ख्रिस्ती असले तरी बोजारा, म्हणजे पोळ्याला दारी बैल घेऊन येणाऱ्याला द्यायची ओवाळणी, देण्याची रीत वडिलांनी मोडली नव्हती, ती मीही मोडलेली नाही. बोजारा त्याने सर्वांदेखत, हसत, हक्काने घेतला, आणि यंदा माझ्या वांग्यांवर कीड कशी पडली, यावर आम्ही बराच वेळ बोलत उभे राहिलो.