खगोलशास्त्राच्या एम.एस्सी.साठी दुर्बीण लागते का?

दरवर्षी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षातील काही मुले एकच चिंता घेऊन माझ्याकडे येतात : खगोलशास्त्रात एम.एस्सी. करायची आहे, पण पदवीला तो विषयच नव्हता. सातारा जिल्ह्यातील भौतिकशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने तर निकालच लावून टाकला होता.

"सर, शहरातली मुलं शाळेपासून आकाशदर्शनाला जातात. मी दुर्बिणीला डोळासुद्धा लावलेला नाही. माझं आता काही होणार नाही."

भीतीला धीर देण्यापेक्षा भीतीमागचे विधान पुराव्यावर घासून पाहावे, या मताचा मी आहे. आयआयटी इंदूरच्या खगोलशास्त्राच्या एम.एस्सी.चा प्रवेश 'जॅम' या एम.एस्सी.साठीच्या देशपातळीवरील प्रवेशपरीक्षेतून होतो. त्या परीक्षेच्या भौतिकशास्त्राच्या पेपरचा अभ्यासक्रम मी तिला आणायला सांगितला आणि न शिकलेल्या घटकांवर खुणा करायला लावल्या. यामिकी, प्रकाशशास्त्र, विद्युतचुंबकत्व, ऊष्मागतिकी, गणिती पद्धती असे करत ती केप्लरच्या नियमांपाशी थांबली.

"सर, यात खगोलशास्त्र म्हणावं असं एवढंच आहे. आणि हे मला येतं."

मी गप्प राहिलो. अशा वेळी गप्प राहणे जमायला या व्यवसायात बरीच वर्षे जावी लागतात. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मग मी नक्की कशात कच्ची आहे?"

तिच्या चिंतेचे प्रश्नात रूपांतर झाले ते इथे, आणि प्रश्नाला उत्तर असते. तिची ऊष्मागतिकी कच्ची होती आणि प्रोग्रॅमिंग मुळीच येत नव्हते. दुर्बिणीची उणीव मात्र तिच्या यादीत उरली नाही. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. त्यांना कोणी डोळा लावत नाही, हाती येतात ते आकडे, आणि ते संगणकावर हाताळावे लागतात. म्हणून दोन वर्षांच्या या पदवीत तासिकांइतकेच महत्त्व शेवटच्या संशोधन प्रकल्पाला असते, आणि पायथॉनसारखी भाषा आधीच शिकलेली बरी.

पालकांनाही एक सांगणे आहे. खगोलशास्त्राच्या नावाची एम.एस्सी. मोजक्याच ठिकाणी मिळते. पण भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून पुण्यातील आयुका किंवा एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थांमध्ये पीएच.डी.साठी प्रयत्न करणे हा रुळलेला मार्ग आहे. अमेरिकेत बहुतेक विद्यार्थी पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश घेतात आणि मास्टर्स वाटेत मिळते. युरोपात ती बहुधा दोन वर्षांची, 120 श्रेयांकांची स्वतंत्र पदवी असते. अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक संस्थेची त्या वर्षीची पात्रता, विशेषतः पदवीला गणित किती सत्रे हवे ही अट, स्वतः वाचावी.