संसदीय समितीने कंपनीला बोलावलं तर तयारी कशी करावी?

तुमच्या कंपनीला संसदेच्या स्थायी समितीचं पत्र आलंय आणि वरिष्ठ म्हणताहेत, ‘दिल्लीतला एखादा चांगला वकील पाठवून देऊ.’ ते चालेल का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक नाही. साक्षीदाराच्या वतीने वकिलाने बोलायचं तर समितीची परवानगी लागते, आणि खासदारांना ऐकायचं असतं ते निर्णय घेणाऱ्याकडून. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्विटरने भारतातले अधिकारी पाठवले, तर माहिती तंत्रज्ञानविषयक समितीने त्यांना भेटायलाच नकार दिला. शेवटी जागतिक धोरण सांभाळणारे कॉलिन क्रॉवेल दिल्लीत आले. पुढच्या वर्षी विदा (डेटा) संरक्षण विधेयकाच्या संयुक्त समितीला ॲमेझॉनने आधी नकार कळवला. हक्कभंगाची भाषा सुरू झाल्यावर ते हजर झाले. येणारच असाल तर पहिल्याच पत्राला ‘येतो’ म्हणा.

खरं काम मात्र लेखी उत्तरांत असतं. समितीचं सचिवालय प्रश्नावली पाठवतं. ती जनसंपर्क विभागाकडे गेली की वाक्यं गुळगुळीत होतात आणि आकडे गायब. मी आधी एक तक्ता करायला लावतो: कुठला आकडा, कुठल्या कागदावरून, कोणी दिला. समिती त्याच विषयावर मंत्रालयाला, नियामकाला, टीकाकारांनाही ऐकते. गेल्या वर्षी तुम्ही शेअर बाजाराच्या नियामकाला, म्हणजे सेबीला, वेगळा आकडा दिला असेल, तर तो कोणाच्या तरी हातात असणार असंच धरून चाला आणि फरकाचं कारण स्वतःहून लिहून द्या. नुसत्या आपल्या प्रयोगशाळेच्या अहवालावरही विसंबू नका. २००३ साली शीतपेयांतल्या कीटकनाशकांवरून कंपन्यांनी सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट) या दिल्लीतल्या पर्यावरण संस्थेच्या चाचण्यांवर शंका घेतली होती. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीने पुढच्या वर्षी सीएसईचेच निष्कर्ष ग्राह्य धरले. आणि हो, पत्र आल्या दिवशीच आयटीला सांगून जुने मेल आपोआप पुसले जाणं थांबवा.

व्यापारी गुपितं असतील तर तो भाग गोपनीय ठेवण्याची विनंती स्पष्टपणे करावी लागते. न केल्यास साक्ष प्रसिद्ध होऊ शकते. केली तरी सदस्यांना ती पाहता येते. उलट बाजूने, अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत आत काय झालं ते तुम्ही बाहेर सांगायचं नाही. बैठकीनंतर ‘चर्चा सकारात्मक झाली’ छापाचं प्रसिद्धिपत्रक काढायची हौस मार्केटिंगवाल्यांना फार असते. काढू देऊ नका.

समितीलाही मर्यादा आहेतच. दिल्ली विधानसभेच्या समितीने फेसबुकचे तेव्हाचे भारतप्रमुख अजित मोहन यांना बोलावलं, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै २०२१ च्या निकालानुसार हजर राहण्यापासून सरसकट सूट नाही, मात्र पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था अशा विधानसभेच्या कक्षेबाहेरच्या प्रश्नांना उत्तर नाकारता येतं. तुमची समिती संसदेची आहे, तेव्हा हा आधार तसाच्या तसा लागू होणार नाही. कुठल्या प्रश्नाला उत्तर नाकारता येईल, हे ठरवायला वकिलाचा उपयोग करा.

सराव एकदा तरी कराच, आणि प्रश्न विचारायला कंपनीतला सगळ्यात खवचट माणूस बसवा. मुद्द्याबाहेरचं विचारलं जाईल, दोन खासदार एकमेकांशीच भांडतील, तेव्हा गप्प बसायचं. आकडा आठवत नसेल तर अंदाज सांगू नका, ‘लेखी कळवतो’ म्हणा. अशा उत्तरांना मुदत असते, म्हणून बैठकीला टिपणं घेणारा एक माणूस सोबत नेता येईल का, हे सचिवालयाला आधीच विचारून ठेवा.