सोनं कशानं पाडायचं? गुजरी (कोल्हापूरची सराफपेठ) आणि हुपरी (चांदीकामाचं गाव) इथल्या वाचकांचे प्रश्न

तेजाबात विरघळलेलं सोनं-चांदी परत कशानं खाली बसवावं, याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. सारख्या प्रश्नांचा एकच प्रश्न करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : २२ कॅरेटची कातरण आणि कानशीचा भुगा आम्ही अम्लराजात (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात) विरघळवतो. सोनं पाडायला पूर्वीपासून हिराकस (फेरस सल्फेट) वापरतो. दुकानदार म्हणतो, सोडियम मेटाबायसल्फाइट कमी लागतं आणि घाणही कमी होते. कोणतं घ्यावं? (गुजरी, कोल्हापूर)

सोनं दोन्हींनी पडतं, त्यामुळे सोन्याकडे बघून निवड करता येत नाही. द्रावणात सोन्याबरोबर आणखी काय आहे आणि त्यातलं काय वरच राहिलं पाहिजे, हे आधी ठरवा. रसायन त्यावरून ठरतं.

वजनाचा हिशेब असा. १०० ग्रॅम सोन्याला मेटाबायसल्फाइट (पुढे नुसतं ‘मेटा’ म्हणू) ७२ ग्रॅम पुरायला हवं, पण त्यातला बराच वायू उडून जातो. म्हणून १०० ते १५० ग्रॅम धरावं. हिराकस हिशेबानं ४२५ ग्रॅम आणि प्रत्यक्षात ५०० ग्रॅम लागतो. तो कोमट पाण्यात, अंदाजे २ लिटर, थोडं हायड्रोक्लोरिक टाकून विरघळवायचा आणि गाळून मगच वापरायचा. म्हणजे दुकानदार म्हणतो ते वजनाच्या बाबतीत खरं आहे. हिराकसानं पाणी वाढतं आणि त्यात लोखंड उतरतं.

तरीही पहिल्या फेरीला, माल मळका असताना, आमचा कल हिराकसाकडे आहे. तो सोनं पाडतो आणि तांबं, पॅलेडियम, प्लॅटिनम यांना हात लावत नाही. मेटा जास्त पडलं आणि द्रावणात तांबं भरपूर असलं, तर सोन्याबरोबर पांढरा साका बसतो. तो तांब्याचा क्लोराइड असतो. घाबरू नका, हायड्रोक्लोरिकमध्ये ढवळलं की तो निघून जातो. पण नवखा माणूस त्याला चांदी समजतो आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. दुसऱ्या फेरीत, म्हणजे पाडलेलं सोनं पुन्हा विरघळवून पाडताना, ते जवळजवळ स्वच्छ असतं, तिथे मेटा उत्तम. लोखंड मध्ये येत नाही, धुणं सोपं जातं.

ऑक्झॅलिक आम्लाबद्दलही काहींनी विचारलं आहे. १०० ग्रॅम सोन्याला ते हिशेबानं ९६ ग्रॅम लागतं. सोनं जाडसर, स्पंजासारखं पडतं आणि छान धुतलं जातं. मात्र द्रावण ८०-९० अंश गरम लागतं, आम्लपणा कॉस्टिक सोड्यानं थोडा उतरवावा लागतो आणि फेस खूप येतो, त्यामुळे भांडं निम्मंच भरायचं. तांबं जास्त असेल तर त्याचं ऑक्झॅलेटही खाली बसतं, म्हणून मळक्या मालाला हे नको. आम्लपणा उतरवायला अमोनिया तर कधीच वापरू नका. सोनं आणि अमोनिया मिळून जे बनतं ते वाळलं की नुसत्या घासण्यानं फुटतं.

जुना माल ओळखायला शिका. हिराकसाचे खडे फिकट हिरवे हवेत. पिवळट-तपकिरी पूड झाली असेल तर लोखंड आधीच गंजलंय, ते सोनं पाडणार नाही. मेटाची पिशवी उघडल्यावर नाकाला झोंबलं नाही तर तेही मेलेलं आहे.

आणि पाडण्याआधी एक काम करा. द्रावण तिप्पट डिस्टिल्ड पाण्यानं पातळ करून थंड होऊ द्या. दाट आम्लात थोडी चांदी विरघळून राहिलेली असते, ती पांढऱ्या धुक्यासारखी खाली येते. ती गाळून काढल्याशिवाय काहीही टाकू नका, नाहीतर तीच चांदी तुमच्या सोन्यात बसते. मूळ मालात चांदी दहा टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तर क्लोराइडचा थर सोन्यावर चढतो आणि अम्लराज आत शिरतच नाही. तसा माल आधी चांदी किंवा तांबं मिसळून २५ टक्के सोन्यावर आणा आणि नुसत्या नायट्रिकमधून काढा.

प्रश्न : मेटा टाकतोय, पण सोनं बसत नाही. तपकिरी धूर येतो, थोडी भुकटी दिसते आणि सकाळपर्यंत परत गायब होते. मेटा बनावट आहे का? (राजारामपुरी, कोल्हापूर)

मेटा बहुधा चांगलं आहे. भांड्यात नायट्रिक शिल्लक आहे. तुम्ही टाकलेलं मेटा सोन्याला न मिळता आधी नायट्रिकशी लढतं, तोच तो तपकिरी धूर. त्यातून जे सोनं पडतं त्याला उरलेलं नायट्रिक परत खातं. आणखी मेटा ओतत राहिलात तर शेवटी सोनं पडेलही, पण पिशवी रिकामी होईल आणि खोली वायूनं भरेल.

चूक विरघळवतानाच होते. १०० ग्रॅम सोन्याला साधारण ४०० मिलि हायड्रोक्लोरिक आणि १०० मिलि नायट्रिक असा अंदाज असतो. हायड्रोक्लोरिक एकदम घाला, पण नायट्रिक सुरुवातीला ६०-७० मिलिपेक्षा जास्त नको. तेही थोडं थोडं. उकळी मंदावली, तळाला सोनं दिसतंय, भांडं गरम आहे, तेव्हाच पुढचे ५ मिलि. नायट्रिक कमी पडलं तर आणखी घालता येतं. जास्त झालं तर ते बाहेर काढायला अर्धा दिवस जातो.

आता झालेलं निस्तरायचं कसं? जुना मार्ग आटवण्याचा. मंद आचेवर, न उकळवता, द्रावण काकवीइतकं दाट होऊ द्या. मग थोडं हायड्रोक्लोरिक घाला, परत आटवा. असं तीनदा. कोरडं पडू देऊ नका, सोन्याचा क्लोराइड तापून मोडतो आणि मग विरघळत नाही. दुसरा मार्ग सल्फॅमिक आम्लाचा. द्रावण गरम ठेवून चिमटी चिमटी टाकत जा, फसफस थांबली की नायट्रिक संपलं. माल शिशाचा असेल तर त्याच वेळी शिसं पांढरं होऊन खाली बसतं, तोही फायदा. भांडं अर्धं रिकामं हवं, फेस अचानक चढतो. युरिया मात्र टाळा. तो नायट्रस आम्ल मारतो, मोकळ्या नायट्रिकवर नीट चालत नाही. फसफस थांबते, माणूस निर्धास्त होतो आणि नायट्रिक तसंच राहतं.

सोनं पूर्ण पडलं का, हे डोळ्यांनी ठरवू नका. तांबं असलेलं द्रावण हिरवंच दिसतं, त्यात सोनं असो वा नसो. स्टॅनस क्लोराइडची, म्हणजे कथलाच्या क्षाराची, चाचणी घ्या. १ ग्रॅम स्टॅनस क्लोराइड २ मिलि हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळवा, २० मिलि पाणी घाला आणि बाटलीत शुद्ध कथलाचा तुकडा टाकून ठेवा, त्यानं ते टिकतं. गाळणकागदावर द्रावणाचा एक थेंब, त्यावर याचा एक थेंब. जांभळा ते काळपट डाग आला तर सोनं अजून वर आहे. चाचणीचं पाणी भांड्यात कधी टाकायचं नाही. कथील आत गेलं की सोनं जांभळ्या रंगाचं इतकं बारीक होतं की कागदातून पार जातं. नायट्रिक जास्त असेल तर डाग उमटून लगेच मिटतो किंवा उमटतच नाही, आणि लोक ते द्रावण ‘रिकामं’ म्हणून फेकतात. म्हणून सोनं असलेल्या द्रावणाचे काही थेंब बाटलीत राखून ठेवा आणि चाचणीचं पाणी आधी त्यावर तपासा.

पडलेली भुकटी ओल्या तपकिरीसारखी दिसते, चमक नसते. गरम पाणी, मग पातळ हायड्रोक्लोरिकमध्ये उकळणं, परत गरम पाणी, असं धुऊन वाळवा आणि सवागी (बोरॅक्स) टाकून मुशीत वितळवा.

त्या तपकिरी धुराबद्दल एक गोष्ट आवर्जून. तो हुंगल्यावर लगेच फार त्रास होत नाही. थोडा खोकला येतो, जातो. काही तासांनी, कधी रात्री झोपल्यावर, फुप्फुसात पाणी भरतं. गुजरीतल्या बोळातल्या मागच्या खोलीत खिडकीचा पंखा पुरत नाही. धूर बंद खोक्यातून ओढून कॉस्टिकच्या पाण्यातून सोडणारी व्यवस्थाच हवी. ती नसेल तर हे काम गलाईवाल्याकडे (सोनं-चांदी शुद्ध करून देणाऱ्याकडे) द्या.

प्रश्न : पैंजणाची जुनी चांदी नायट्रिकमध्ये विरघळवून मीठ टाकून पाडतो. काही जण तांब्याची पट्टी टाकतात. फरक काय? (हुपरी)

आधी तेजाबाचा हिशेब बघा, कारण खर्च तिथे आहे. समजा ७० टंचाचा एक किलो माल, म्हणजे ७०० ग्रॅम चांदी आणि ३०० ग्रॅम तांबं. ७० टक्के ताकदीचं नायट्रिक चांदीला सुमारे ५५० मिलि लागतं आणि तांब्याला सुमारे ८०० मिलि. निम्म्याहून कमी वजनाचं तांबं चांदीपेक्षा जास्त तेजाब खातं! त्यामुळे हलका माल थेट तेजाबात घालण्याआधी विचार करा. नायट्रिक तेवढ्याच डिस्टिल्ड पाण्यानं पातळ करून वापरा. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातल्या क्लोराइडनं द्रावण तिथेच दुधाळ होतं.

तांब्यानं पाडली तर ७०० ग्रॅम चांदीला सुमारे २०६ ग्रॅम तांबं विरघळतं आणि चांदी थेट धातू म्हणून राखाडी शेवाळासारखी पट्टीवर वाढते. हलवलं की गळून पडते. मीठ सुमारे ३८० ग्रॅम लागतं, पण हाती येतो क्लोराइड, धातू नव्हे. त्याची पुन्हा चांदी करायची म्हणजे आणखी एक दिवस. म्हणून नेहमीच्या मालाला तांबंच बरं. पट्टी जाड आणि स्वच्छ घ्या. मोटारीची वार्निश लावलेली तार नको, बारीक तारेचे तुकडे चांदीत मिसळतात. विरघळवताना शेवटी थोडी जादा चांदी टाकून मोकळं तेजाब संपवा, नाहीतर ते पट्टी खाईल. वरच्या निळ्या पाण्यात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकून धूसर झालं नाही, तर चांदी संपली. नंतर गरम डिस्टिल्ड पाण्यानं निळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवा.

मीठ उपयोगी पडतं ते धुण्याच्या पातळ पाण्याला, आणि पॅलेडियमची शंका असेल तेव्हा. तांब्यानं पॅलेडियम चांदीबरोबर उतरतं, मिठानं ते वर राहतं. मीठ गरजेपेक्षा १०-२० टक्केच जास्त घाला, फार झालं तर क्लोराइड परत विरघळू लागतो. माल शिशाचा असेल तर साका गरम पाण्यानं धुवा, शिशाचा क्लोराइड त्यात निघून जातो. क्लोराइड थेट मुशीत टाकू नका, त्याचा धूर होऊन चांदी उडते. कॉस्टिकच्या पाण्यात ढवळून काळा करा, मग ग्लुकोज पावडर घाला, राखाडी चांदी होते. इथेही अमोनियात विरघळवून ठेवायचं नाही, तसं ठेवलेलं भांडं फुटू शकतं.

प्रश्न : गुऱ्हाळात गूळ उजळवायला हायड्रॉस पावडर (सोडियम हायड्रोसल्फाइट) असते. तीही गंधकाचीच. तिनं सोनं पडेल का? (कागल)

पडेल, पण वापरू नका. आम्लात पडताच ती मोडते, वायूबरोबर सुटं गंधक तयार होतं आणि ते सोन्यात बसतं. शिवाय ती मेटापेक्षा फार जोरकस आहे, तांब्यालाही सोडत नाही. ओल लागलेली हायड्रॉस आपोआप तापून पेटते, तिचा डबा तेजाबाच्या खोलीत ठेवूच नये. जस्ताच्या पुडीचंही असंच : सोनं, चांदी, तांबं, पॅलेडियम सगळं एकत्र खाली येतं आणि निवडण्याचं काम तसंच उरतं.

प्रश्न : व्हाइट गोल्डचा माल आला आहे. नवसागरानं (अमोनियम क्लोराइडनं) प्लॅटिनम पडतं असं ऐकलं. (इचलकरंजी)

आधी हिराकसानं सोनं काढा. उरलेलं पाणी आटवून दाट करा आणि नवसागराचं संपृक्त पाणी घाला. प्लॅटिनम असेल तर पिवळा-केशरी साका बसतो. व्हाइट गोल्डमध्ये अनेकदा पॅलेडियम असतं, ते नुसत्या नवसागरानं पडत नाही. त्याला सोडियम क्लोरेटसारखा ऑक्सिडायझर जोडीला लागतो आणि मग विटकरी लाल साका येतो. हे साके वाळवून हाताळू नका. प्लॅटिनमच्या क्षारांची धूळ नाकात गेली की काहींना कायमचा दमा जडतो. माल थोडा असेल तर साठवून मोठ्या रिफायनरीला द्या.

प्रश्न : दागिन्यांना सोन्याचं पाणी द्यायचं जुनं सायनाइडचं द्रावण पडून आहे. तेजाब टाकून सोनं निघेल का? (शाहूपुरी, कोल्हापूर)

नाही. तेजाब पडलं की हायड्रोजन सायनाइड वायू निघतो आणि तो मिनिटांत माणूस मारतो. झाकण घट्ट लावा, चिठ्ठी लावा, तेजाबापासून दुसऱ्या खोलीत ठेवा आणि परवाना असलेल्या प्रक्रियादाराकडे द्या.

प्रश्न : काम झाल्यावर उरलेलं हिरवं-निळं पाणी कुठे टाकायचं? (हुपरी आणि गुजरीहून अनेक पत्रं)

गटारात नाही. शहरातलं गटार जयंती नाल्यातून पंचगंगेला मिळतं आणि तेच पाणी खालच्या गावांच्या विहिरींत, शेतात जातं. वापरलेलं तेजाब २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे.

एक मोठी प्लास्टिकची बादली ठेवा. सगळं उरलेलं आम्लाचं पाणी त्यात, आणि आत तांब्याचे जाड तुकडे. चुकून राहिलेलं सोनं, चांदी, पॅलेडियम तांब्यावर बसतं. महिन्या-दोन महिन्यांनी तळाची काळी भुकटी गाळून ठेवा, तो तुमचाच माल आहे. मग ते पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन लोखंडाचे तुकडे टाका, तांबं लालसर होऊन उतरतं. शेवटी विरवलेला चुना किंवा कॉस्टिक थोडं थोडं घालत पीएच ९ पर्यंत आणा, उरलेले धातू गाळ होऊन बसतात. चुन्यानं गाळ जास्त होतो, पण तो स्वस्त आहे. निवळलेल्या पाण्यातही नायट्रेट आणि क्षार असतात, त्यामुळे तेही नाल्याला लावू नका. गाळ आणि पाणी दोन्ही, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या ठिकाणी जायला हवं. हुपरीसारख्या ठिकाणी दहा-वीस कारखानदारांनी मिळून गाडी बोलावली तर एकेकाला पडणारा खर्च बराच उतरतो. सायनाइडचं पाणी मात्र या बादल्यांच्या जवळही आणू नका.