त्या खोलीत एकटी जाऊ नकोस

पोरी,

तुझा मेसेज रात्री दीडला आला, म्हणजे शिफ्ट संपवून सबवेत बसूनच लिहिला असणार. हॉस्पिटलच्या लॅबमधले सगळे म्हणतायत की यंदा युनियनची डेलिगेट, म्हणजे कामगारांची प्रतिनिधी, तू हो, पण तू नवी, तुझं इंग्रजी अडखळतं, आणि आई म्हणते युनियनच्या भानगडीत पडू नकोस. आईचं आधी घेते, कारण ती भीती माझ्याच घरातली आहे.

माझे वडील लालबागला गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतल्याचं शेवटपर्यंत कुणी जाहीर केलंच नाही. आमच्या घरात तो भांड्यांच्या हिशोबाने चालला. आधी पितळी घागर मोडीत गेली, मग बंब, मग आईची हंड्यांची उतरंड. त्यामुळे 'युनियन' म्हटलं की तुझ्या आईच्या पोटात गोळा का येतो, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

पण वडिलांचा राग संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत यांच्यावर नव्हता. १९४६ च्या कायद्याने मालकांशी बोलायचा हक्क एकट्या मान्यताप्राप्त युनियनला होता, ती म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार सामंतांच्या मागे आणि सहीचा अधिकार त्या दुसऱ्या युनियनकडे. "आम्हाला कुणी विचारलंच नाही," एवढंच ते म्हणायचे. मी १९९६ मध्ये इथे न्यूयॉर्कला हॉस्पिटलच्या फार्मसीत लागले आणि फोनवर सांगितलं की युनियन आहे, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "मतदान झालं होतं का?" झालं होतं, माझ्या आधी कितीतरी वर्षं. गुप्त मतदानाने जिला बहुमत मिळतं तिच्याशी मालकाला बोलावंच लागतं. म्हणजे इथे रामराज्य आहे असं नाही हं. मतदानाआधी लोकांना घाबरवण्यासाठी मालक महागडे सल्लागार आणतात, तो इथला एक धंदाच आहे.

मी लागले तेव्हा आपल्या युनियनचं नाव नुसतं '११९९' होतं. १९३२ मध्ये लिऑन डेव्हिस आणि त्याच्यासारख्या औषधांच्या दुकानांतल्या लोकांनी काढलेली ही युनियन. ११९९ हा तिचा लोकल नंबर, म्हणजे शाखेचा क्रमांक. १९९८ मध्ये ती सर्व्हिस एम्प्लॉईज इंटरनॅशनल युनियनमध्ये सामील झाली. ती मोठी संघटना १९२१ मध्ये शिकागोत इमारती झाडणाऱ्या-पुसणाऱ्यांनी सुरू केलेली. आज तिचे जवळपास वीस लाख सभासद आहेत: सफाईवाले, वॉचमन, नर्सिंग होममधल्या आया, घरी जाऊन म्हाताऱ्यांचं करणाऱ्या बायका, आणि तू-मी.

यातला 'सर्व्हिस' शब्द मला सुरुवातीला टोचायचा. सेवा म्हटलं की आपल्याकडे पगाराचं बोलायची लाज वाटते. इथेही तेच होतं गं! धर्मादाय हॉस्पिटल म्हणजे पुण्याचं काम, तिथे कसली युनियन, असं म्हणून त्यांना कामगार कायद्यातून वगळलेलं होतं. १९५९ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या सात हॉस्पिटलांतले स्वयंपाकघरातले, लाँड्रीतले, वॉर्डातले लोक बाहेर पडले, बहुतेक कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन, त्यात बायका पुष्कळ. दिवसभर राबूनही काहींना घर चालवायला सरकारी मदत घ्यावी लागे. ४६ दिवस उभे राहिले. युनियनला मान्यता मिळाली नाही, पण हॉस्पिटलवाल्यांना त्यांच्याशी बोलावं लागलं. देशाच्या कायद्यात आपण आलो ते १९७४ मध्ये. म्हणून आपल्याला संपाआधी दहा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती अट मला पटते. पेशंट मध्ये अडकलेला असतो.

आता खोलीबद्दल. डेलिगेटचं काम भाषणं देणं आहे असं तुला वाटत असेल, तर ते काम युनियनचे ऑर्गनायझर करतात, त्यांना त्याचा पगार मिळतो. डेलिगेटचं खरं काम म्हणजे मॅनेजरच्या खोलीत दुसऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणं.

मी त्या खोलीत एकटी गेले होते. फार्मसीतल्या एका कपाटात दहा गोळ्या कमी भरल्या, नोंदवलेल्या, हिशोबाच्या गोळ्या. मॅनेजर हसून म्हणाली, पाच मिनिटं बोलायचंय. आपण बोलायला बसलो की गप्प कसं राहायचं? मी सांगत सुटले: त्या दिवशी घाई होती, दोन जणी रजेवर होत्या, माझ्याकडून मोजायचं राहिलं असेल. आपलं 'असेल' किती नम्र असतं बघ! दोष आपल्याकडे घ्यायचा आणि समोरच्याची अडचण कमी करायची. तिने कागदावर लिहिलं की मोजणी केली नाही, हे मान्य. मी सही केली. तीन दिवस बिनपगारी. आठवड्याने गोळ्या शेजारच्या कप्प्यात सापडल्या, पण कागद फाइलमध्ये राहिला.

पुढे डेलिगेटच्या प्रशिक्षणात वाइनगार्टन खटला शिकवला तेव्हा मला हसू आणि रडू एकदम आलं. टेक्सासमधल्या एका दुकानातली बाई. आळ असा की २.९८ डॉलरचं चिकन घेतलं आणि गल्ल्यात एकच डॉलर टाकला. तिने युनियनचं माणूस मागितलं, मिळालं नाही. तिने सांगितलं की लहान खोके संपले होते म्हणून एका डॉलरचं चिकन मोठ्या खोक्यात भरलं. चौकशीत ते खरं निघालं. विषय तिथेच मिटायचा. पण सुटल्यावर ती रडायला लागली आणि रडता रडता बोलून गेली की दुकानातून फुकट काही घेतलं असेल तर दुपारचं जेवण तेवढं. झालं, जेवणाची नवी चौकशी सुरू. १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ज्या चौकशीतून शिक्षा होईल अशी रास्त भीती वाटते, तिथे कामगार युनियनचा प्रतिनिधी मागू शकतो. मागितल्यावर मालकाने प्रतिनिधी येईपर्यंत थांबावं, नाहीतर ती बैठकच सोडून द्यावी, किंवा प्रतिनिधीशिवाय बोलायचं की मुळीच नाही हे कामगाराला ठरवू द्यावं.

यातला 'मागू शकतो' हा शब्द घट्ट धर. हा हक्क कुणी आपणहून आठवण करून देत नाही. लॅबमधल्या प्रत्येकीला ते एक वाक्य पाठ करायला लाव: यातून मला शिक्षा होणार असेल तर माझा डेलिगेट आल्याशिवाय मी बोलणार नाही. तुझं इंग्रजी तेवढं नक्की पुरेल. आणि तू आत गेलीस की आधी विचार, चौकशी नेमकी कशाची आहे. मग आपल्या माणसाला जेवढं विचारलंय तेवढंच बोलू दे. अडखळणारी माणसं या कामाला बरी पडतात, खरं सांगते. सराईत बोलणारे डेलिगेट मी पाहिलेत, त्यांना मॅनेजरवर छाप पाडायची असते.

मॅनेजरची ऑर्डर चुकीची वाटली तरी जिवाला धोका नसेल तर आधी काम करायचं, मग ग्रिव्हन्स, म्हणजे लेखी तक्रार, टाकायचा. नकार दिलास तर वाद ऑर्डरचा राहत नाही, तुझ्या उद्धटपणाचा होतो. तारखा त्याच दिवशी वहीत लिही. युनियन आणि हॉस्पिटलच्या कॉन्ट्रॅक्टमधली मुदत टळली की खरी तक्रारही बाद होते. माझ्या एका चुकीने लाँड्रीतल्या एकाचे पैसे बुडाले. तो अजून मला नमस्कार करतो, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.

युनियनवर आंधळा विश्वास ठेवू नकोस. एवढ्या मोठ्या संघटनेला खालचा आवाज कमी ऐकू येतो. २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या मुख्यालयाने कॅलिफोर्नियातल्या आपल्याच दीड लाखांच्या लोकलवर प्रशासक बसवले, तेव्हा तिथले लोक फुटून वेगळी युनियन काढून बसले. कोण बरोबर होतं यावर आमच्या ब्रेकरूममध्ये भांडणं झाली. तुमच्याही होतील. होऊ देत.

आईला मी फोन करते. गिरणगावातली मी आणि वऱ्हाडातली ती, आमचं जमेल.

रविवारी जॅक्सन हाइट्सला भाजीला येते आहे, तेव्हा कॉन्ट्रॅक्टची माझी प्रत घेऊन येईन. आपली दोन्ही हॉस्पिटलं एकाच करारात आहेत, त्यामुळे तुला चालेल. शिस्तीच्या कलमाचं पान दुमडलेलं आहे, तेवढं आधी वाच. त्याच्यावर हळदीची बोटं उमटलीत, रात्री स्वयंपाक करता करता कुणाची तरी केस वाचत होते.

तुझी,
काकू