भर ऑगस्टमध्ये सोमालियाजवळचा समुद्र उपग्रहाच्या नकाशात थंड का दिसतो?

तुमचा प्रश्न असा की, मुंबई-रत्नागिरीकडचा समुद्र केशरी आणि विषुववृत्ताला त्याहून जवळ असलेला सोमालियाचा किनारा निळाशार, म्हणजे उपग्रहाचीच काही गडबड आहे का? नाही. ही सगळी वाऱ्याची करामत आहे. असे नकाशे बघणं हे माझं रोजचं काम, आणि त्यातला पावसाळी अरबी समुद्र मला सर्वांत बोलका वाटतो.

जूनपासून आफ्रिकेच्या किनाऱ्याला जवळपास समांतर असा नैर्ऋत्य वाऱ्याचा जबरदस्त झोत सुरू होतो. याला फिंडलेटर जेट म्हणतात. साधारण दीड किलोमीटर उंचीवर त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि हाच वारा पुढे आपल्या सह्याद्रीला येऊन धडकतो. पण वारा ईशान्येला चालला म्हणून पाणीही ईशान्येला जात नाही. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात समुद्राचा वरचा थर एकंदरीत वाऱ्याच्या उजवीकडे सरकतो. (ध्रुवीय संशोधक नानसेनला आर्क्टिकमधला बर्फ असाच उजवीकडे वाहत जाताना दिसला होता. समुद्रशास्त्रज्ञ एकमनने १९०५ मध्ये त्याचं गणित मांडलं.) सोमालियात उजवीकडे म्हणजे थेट भर समुद्रात. किनाऱ्याचं तापलेलं पाणी तिकडे गेलं की त्याची जागा भरायला खालचं गार पाणी वर येतं.

नकाशा जरा मोठा करून रास हाफूनच्या भूशिरापाशी बघा. तिथलं पाणी कधी कधी २० अंश सेल्सियसच्याही खाली जातं, तेव्हा आपल्याकडे ते २८ च्या आसपास असतं. निळा पट्टा किनाऱ्यालाच चिकटून राहत नाही. १० ते ११ अंश उत्तर अक्षांशावर त्याची एक जीभ समुद्रात शिरते आणि दक्षिणेकडच्या एका प्रचंड भोवऱ्याच्या कडेने वळसा घेते. तो भोवरा म्हणजे ग्रेट व्हर्ल. काहीशे किलोमीटर रुंद, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा.

ओमानच्या किनाऱ्यावरही हेच घडतं. मस्कतची मराठी मंडळी जुलै-ऑगस्टमध्ये उकाड्यातून सुटून सलालाला धुकं आणि रिमझिम अनुभवायला जातात, त्या धुक्यात या गार पाण्याचा मोठा वाटा आहे. मध्य अरबी समुद्रात मात्र वारा पाणी घुसळतो आणि बाष्पीभवन वाढवतो, म्हणून मे महिन्यातला तीसेक अंशांचा समुद्र ऑगस्टपर्यंत दोन-तीन अंशांनी उतरतो.

आता एक सावधगिरी. पावसाळ्यात ढग असतात आणि अवरक्त (इन्फ्रारेड) किरण मोजणाऱ्या उपग्रहाला ढगांखालचं काही दिसत नाही. मायक्रोवेव्ह मोजणाऱ्याला दिसतं, पण ढोबळ, आणि किनाऱ्याला अगदी लागून तर तेही नाही. त्यामुळे कुठेही भोक नसलेला रोजचा सुबक नकाशा दिसला, तर तो अनेक उपग्रहांची मापं जोडून, मधली जागा गणिताने भरून केलेला असतो. शिवाय अवरक्तला दिसते ती पाण्याची केसाहूनही पातळ त्वचा. एप्रिलच्या पडल्या वाऱ्यात ती दुपारी दोन-तीन अंशांनी सहज तापते. तेव्हाचा लालभडक डाग म्हणजे खोलवर तापलेलं पाणी असं लगेच समजू नका. तिथे नुसता वाराही पडलेला असू शकतो. ताशी वीसेक किलोमीटरचा वारा सुटला की तो डाग बहुतेक पुसला जातो.

उलटा परिणामही आहे. गार पाण्यावरची हवा जड आणि स्थिर होते, वरचा वेगवान वारा खाली उतरत नाही आणि समुद्राजवळचा वारा मंदावतो. ओशनसॅट-२ सारख्या उपग्रहांवरच्या स्कॅटरोमीटरने (समुद्रावरचा वारा मोजणाऱ्या रडारने) मोजलेल्या वाऱ्याचा नकाशा तापमानाच्या नकाशाशेजारी ठेवला, तर हे पाहता येतं.

अजून शंका असेल तर जानेवारीचा नकाशा उघडा. वारा ईशान्येकडून येतो, म्हणजे आता त्याच्या उजवीकडे सोमालियाचा किनारा. पाणी किनाऱ्याकडेच रेटलं जातं आणि ती निळी जीभ गायब होते. तेव्हा गारवा सापडतो तो वर, पाकिस्तान-गुजरातच्या बाजूला, जिथे जमिनीवरून कोरडा वारा येतो.