मुंढ्याची खोली

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

कार्यालयीन ताणावर बेतलेल्या तुझ्या पाच पोशाखांची रेखाचित्रे मी दोन दिवस शिवणयंत्राशेजारी लावून ठेवली होती. गळफासासारखा टाय, पाठीवर छापलेली घड्याळे आणि बाहीला लटकणाऱ्या साखळ्या यांचा अर्थ पाहताक्षणी कळतो, आणि अडचण नेमकी तीच आहे; जे छापून सांगता येते ते फलकावरही लिहिता आले असते, त्यासाठी कोट शिवायची गरज नव्हती.

तू मुंढ्यापासून, म्हणजे बाही जोडण्यासाठी कापतात त्या खांद्याजवळच्या घेरापासून, सुरुवात कर. मुंढा बगलेलगत उंच कापला, तर हात वर केला तरी कोट जागचा हलत नाही. तयार कोटांत मात्र एकच माप अनेक अंगांना बसवायचे असल्यामुळे तो खोल ठेवतात. मग हात उचलताच अख्खा कोट वर चढतो आणि कॉलर मानेपासून सुटते. (मोठा मुंढा म्हणजे मोकळा मुंढा, हा गैरसमज शिकलेल्यांतही आढळतो.) ठाण्याहून पनवेलकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत ऐरोली, रबाळे, घणसोलीला उतरणारी मंडळी कडी धरून उभी असतात, तेव्हा त्यांच्या खांद्यांकडे पाहा. हात खाली असेतो रुबाबदार दिसणारा आणि हात वर करताच अडवणारा कोट नोकरीविषयी जे सांगतो, ते तुझ्या साखळ्यांना सांगता येणार नाही. म्हणून तुझ्या पहिल्या कोटाचा मुंढा मुद्दाम दोन इंच खाली घे, आणि बाकी शिलाई इतकी निर्दोष ठेव की चूक कापणाऱ्याची आहे असे कोणालाही वाटू नये.

आधीच्यांनी काय केले तेही डोळ्यांखालून घाल. १९७० च्या दशकात इटालियन डिझायनर जॉर्जिओ अरमानी यांनी कोटातला ताठ कॅनव्हास आणि पॅड कमी केले व अधिकाराचा पोशाख अंगावर सैलावला. २००९ च्या जानेवारीत फ्लॉरेन्समध्ये अमेरिकी डिझायनर थॉम ब्राऊन यांनी एकसारख्या राखाडी सुटांतली माणसे टंकलेखन यंत्रांपुढे ओळीने बसवली. ते दृश्य मला आवडते, पण तिथे अर्थाचा बराचसा भार मांडणीवर होता. तुझ्याकडे तशी टेबले नसतील, तेव्हा तुझा कोट एकटा उभा राहिला पाहिजे.

एक गोष्ट मात्र मी कठोरपणे सांगतो. मागच्या आठवड्यात तू वागळे इस्टेटमधल्या कारागिराला रात्री दोनपर्यंत बसवून काज करून घेतलेस, असे कानावर आले. तो नगावर काम करतो, त्यामुळे उसवून पुन्हा शिवलेल्या टाक्याचे त्याला काहीच मिळत नाही. कामाच्या ताणावर भाष्य करणारा कोट अशा जागरणातून तयार होत असेल, तर ते भाष्य आधी तुझ्यावरच उलटते. त्याला उसवणीचेही पैसे दे आणि मुदत आपल्या वेळापत्रकातून काढ, त्याच्या झोपेतून नव्हे.

महागड्या कापडाला अजून हात लावू नकोस. मांजरपाटाच्या साध्या सुती कापडावर कच्चे टाके घालून पहिला कोट उभा कर आणि शुक्रवारी खारघरहून माझ्याकडे येताना तोच अंगात घालून, गाडीत कडी धरून ये. काखेत कुठे ओढ बसली तिथे खडूने खूण करून आण.

तुझा,
मास्तर