पेटीचे जुने सूर दुकानदाराने परस्पर बदलले, आता काय करू?

प्रश्न : नमस्कार काका, आमच्या घरी वडिलांची जुनी पेटी (हार्मोनियम) आहे, खर्ज-नर म्हणजे खालच्या आणि मधल्या आवाजाच्या सुरांच्या दोन रांगा, पॅरिसचे सूर (आतल्या आवाज देणाऱ्या पितळी जिभा). गावच्या भजनी मंडळात ती चाळीसेक वर्षं वाजली, वडील गेल्यावर मी शिकायला घेतली. भाता हवा सोडायला लागला आणि काळी चार ही पट्टी अडकायची एवढ्याच दोन कामांसाठी एका दुकानात दिली. दोन महिने फेऱ्या मारल्या, 6500 रुपये घेतले. घरी आणून वाजवली तर आवाजच वेगळा, कर्कश, मधले दोन सूर चरचरतात आणि मागच्या कोपऱ्याचं लाकूड उडालंय. मंडळातल्या एका जाणत्या काकांनी उघडून बघितली तर म्हणाले, अगं हे सगळे नवीन सूर आहेत. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो जुने गेले होते म्हणून बदलले, तुमच्या भल्यासाठीच केलं. पावतीवर छापलंय 'वस्तूची जबाबदारी दुकानावर नाही'. काही करता येईल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून पोटात कालवलं. पेटीचा आवाज म्हणजे तिचे सूर, लाकूड आणि भाता नंतर. आता ते जुने पितळी सूर तुम्हाला बाजारात सहज मिळायचे नाहीत. तेव्हा भांडण, तक्रार, पैसे हे सगळं नंतर बघू, आधी जुने सूर परत मागा. ते तुमचे आहेत. दुकानदाराने काढले म्हणून त्याचे होत नाहीत, आणि तुम्ही भाता आणि एक पट्टी एवढंच काम सांगितलं होतं.

आजच मागा, कारण जुन्या पॅरिस आणि जर्मन सुरांना मागणी असते, उद्या ते दुसऱ्या कुणाच्या पेटीत बसलेले असतील. माझ्या पेटीचे तीन सूर एकदा असेच बदलले गेले होते, मी दुकानात जाऊन शांतपणे म्हटलं की काढलेले तीन तेवढे द्या, तर त्याने बिस्किटाच्या डब्यातून काढून दिले, डब्यात आणखी बऱ्याच पेट्यांचे सूर होते. पहिल्याच वाक्याला चोर म्हटलं असतं तर तो डबा उघडलाच नसता. म्हणून आवाज चढवू नका, सोबत त्या काकांना न्या, आणि घरी आल्यावर तेच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा, अमुक तारखेला पेटी दिली, ही दोन कामं सांगितली, सूर बदलायला सांगितलं नव्हतं, जुने सूर आठ दिवसांत परत द्या. बोललेलं हवेत जातं हो, लिहिलेलं राहतं.

सूर मिळाले तर बहुतेक वेळा परत बसवता येतात, नवीन सूर त्याच मापाचे असले आणि खालचं लाकूड कोरलेलं नसलं तर. पण घेताना एकेक सूर उजेडात धरून बघा. पितळेच्या जिभेवर कानस कुठे फिरलीय ते दिसतं. टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाकडे घासलं की उतरतो, सगळे पेटीवाले सूर असाच लावतात, त्यामुळे बारीक ओरखडे असणारच, त्यावरून कुणाला धरू नका. मात्र खोल चकचकीत खाचा सुरामागून सुरावर दिसल्या तर पितळ गेलेलं आहे, आणि गेलेलं पितळ परत भरता येत नाही.

दुकानदाराच्या बाजूनेही एक सांगतो. तुम्ही लिहिलेलं सगळंच नुकसान नसेल. चरचर ही जीभ चौकटीला घासली किंवा मध्ये कचरा अडकला तरी येते, पाच मिनिटांचं काम आहे ते. भात्याचं म्हणाल तर भरपूर हवा भरून घ्या, एकही पट्टी दाबू नका आणि बघा किती वेळात बसतो. लगेच बसला तर ज्या कामाचे पैसे दिले ते झालेलंच नाही. हा प्रयोग मोबाइलवर शूट करून ठेवा. कोपऱ्याचा फोटो, सुरांचा फोटो, पावती, फेऱ्या मारल्या त्या दिवसांचे मेसेज, आणि वडिलांचं जुनं रेकॉर्डिंग कुणाकडे असेल तर तेही शोधा, लग्नाची कॅसेट म्हणा भजनाची म्हणा, पेटीचा मूळ आवाज त्यात सापडेल. हे होईपर्यंत दुसऱ्या कारागिराकडे दुरुस्तीला देऊ नका, नाहीतर कुणी काय केलं हे सिद्धच करता येत नाही. त्याला फक्त उघडून बघायला आणि दोन ओळी लिहून द्यायला सांगा, की सूर नवीन बसवलेत, पूर्ववत करायला इतका खर्च येईल.

आता पावतीवरची ती ओळ. तिला घाबरू नका. दुरुस्तीला दिलेली वस्तू आपल्या स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळायची हे 1872 च्या करार कायद्यातच आहे, आणि न सांगता सूर काढून घेणं हे तर 'जबाबदारी नाही' या शब्दांत बसतच नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे निष्काळजी काम ही सेवेतली त्रुटी आहे. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, तिथून दुकानदाराशी संपर्क होतो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच माणूस बोलायला येतो. नाहीच आला तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते, दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी. वकील सक्तीचा नाही, तुमच्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मागताना सूर परत किंवा त्यांची किंमत, दुरुस्तीचे पैसे आणि मनस्ताप असं वेगवेगळं लिहा. वडिलांच्या आठवणीची किंमत आयोग कशी करणार हा प्रश्न आहेच, म्हणून तर मी परत परत सांगतोय की सुरांसाठी आज जा. आणि काय झालं ते मला जरूर कळवा.

प्रश्न : माझ्या तंबोऱ्याची जवारी (तारा टेकतात त्या घोडीचा घासून केलेला माथा) दुकानदाराने इतकी घासली की तारा नुसत्या टणटण वाजतात, गुंजनच नाही. भरपाई मागू का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : तुमचं दुखणं बरं होण्यासारखं आहे. जवारी पुन्हा काढता येते, म्हणजे घोडीचा माथा परत घासून आकाराला आणता येतो, आणि घोडी अगदीच खाली गेली असेल तर नवीन बसवता येते, तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) आणि भोपळा धड आहे ना ते मात्र नीट बघा. त्या दुकानदाराकडून जवारीचे पैसे परत मागा आणि विषय सोडा, पुन्हा त्याच्याच हातात देऊ नका. तुमच्यापासून मिरज लांब नाही, रेल्वेने सरळ जाता येतं, तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना 2024 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालंय आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारी घरं आहेत. जाताना तारा थोड्या उतरवून ठेवा, भोपळ्याला जुनी गोधडी गुंडाळा आणि कारागिराच्या समोर बसा. जवारी काढताना तो दर दोन-चार हातांनंतर तार छेडून ऐकतो, तुम्हीही ऐका, आणि हवा तो आवाज आला की तिथेच थांबा म्हणा.